व्हिसा कुणी रद्द केला

कागद हातात आला की काम झालं, असं मानणाऱ्या माणसांची चंद्रमतीला कीव यायची. पापनाशमच्या तालुका कचेरीत तिची सगळी नोकरी लोकांचे दाखले तपासण्यात गेली होती. जन्माचा दाखला, वारसाचा दाखला, रहिवासाचा दाखला. शिक्का कितीही ठसठशीत असो, ती तो उजेडात धरायची, मूळ नोंद काढायला लावायची, आणि समोरचा माणूस कितीही घायकुतीला आलेला असला तरी सही घाईनं करायची नाही. निवृत्त झाली तरी खोड गेली नव्हती. दुधाच्या पिशवीवरची तारीखसुद्धा ती चष्मा लावून वाचायची. तिचा नवरा हनुमंतराव म्हणायचा, "अग, दूध हाय ते. त्याची चौकशी कशाला लावतीस?"

अशी ही बाई त्या बुधवारी सकाळी तंजावरच्या दक्षिण वीथीतल्या सुब्रमण्यमच्या ट्रॅव्हल्समध्ये बसली होती आणि तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दुसऱ्या दिवशीच्या विमानानं तिला तिरुचीहून दुबईला जायचं होतं. तिथं तिची एकुलती एक लेक हरिप्रिया होती, सातवा महिना सरत आला होता, आणि लेकीला नवऱ्याच्या घरातून बाहेर काढून घरी आणायचं होतं. यातलं शेवटचं वाक्य तिनं सुब्रमण्यमला सांगितलं नव्हतं. त्याला एवढंच ठाऊक होतं की बाई बाळंतपणाला चालल्या आहेत.

सुब्रमण्यम तमिळ बोलणारा, घाई असलेला, बरा माणूस होता. त्यानं पासपोर्ट उघडला, मुदत बघितली. "सहा महिन्यांच्या वर आहे. पण अम्मा, आडनावाची जागा रिकामी आहे. नुसतं चंद्रमती."

"आमच्यात असंच," ती म्हणाली. घराण्याला आडनाव होतं, भोसल्यांच्या मागोमाग कावेरीकाठी आलेल्या कुठल्याशा सरदाराचं. पण या मुलखात वडिलांच्या नावाचं एक अक्षर पुढं लावलं की माणूस पुरा होतो, आणि आडनाव फक्त लग्नकार्यात कुळ सांगताना बाहेर निघतं.

"एकेरी नावाच्या माणसांना तिथं उतरू देत नाहीत. पण मागच्या पानावर वडिलांचं नाव आहे, ते चालतं."

"चालतं म्हणून कोण म्हणालं?"

सुब्रमण्यमनं हसून विमान कंपनीला फोन लावला, विचारलं आणि मान हलवली. चालतं. मग त्यानं तिकिटासाठी संगणकाकडे खुर्ची वळवली.

"थांबा. व्हिसा बघा आधी."

"व्हिसा काय बघायचा? तुमच्या हातात आहे की. जावयांनी काढलाय, फोटो आहे, तारीख आहे, अजून मुदत आहे."

"हा छापला त्या दिवशीचा झाला. आज काय आहे ते बघा."

त्या कागदावर सहीशिक्का, आकडे सगळं होतं. दोन महिन्यांपूर्वी जावयानंच तो काढून पाठवला होता, सोबत सासूला 'अत्तै' म्हणून गोड निरोप, की तुम्ही कधीही या, हे तुमचंच घर. नंतर मात्र दर आठवड्याला काही ना काही निघायचं. ऑफिसात काम आहे, घराला रंग लावायचाय, पुढच्या आठवड्यात बघू. चंद्रमतीनं ते ऐकून घेतलं होतं. जावयाला घाई करायची नसते.

सुब्रमण्यमनं तिथल्या सरकारी संकेतस्थळावर पासपोर्टचा नंबर टाकला. पडद्यावरची वाकडीतिकडी अक्षरं एकदा चुकली. त्यानं पुन्हा टाकली आणि मग पडदा तिच्याकडे वळवला.

"अम्मा, हा रद्द झालाय."

"कधी?"

"काल सकाळी."

"कुणी केला?"

"ज्यानं काढला त्यालाच करता येतो. तुमच्या जावयांनी." त्यानं आवाज खाली आणला. "चुकून झालं असेल. आज बघितलं नसतं तर उद्या तिरुचीच्या काउंटरवरच तुम्हाला अडवलं असतं. जावयांना फोन लावून विचारू का?"

"नको," ती एवढ्या जोरानं म्हणाली की शेजारच्या टेबलावरचा माणूस वळून बघायला लागला. तिनं पासपोर्ट पिशवीत टाकला आणि ती बाहेर पडली. वीथीत ऊन चढलं होतं, कुठल्याशा दुकानातून जाईच्या गजऱ्यांचा वास येत होता.

हे कसं झालं असेल ते कळायचं तर सोमवारचा फोन कळायला हवा.

हरिप्रियाला फोन हाती मिळायचा तो संध्याकाळी, नवरा घरी आला की. आणि तोही त्याच्यासमोरच, स्पीकर लावून. सतीशकुमार सोफ्यावर बसलेला, टीव्ही चालू, आणि ही बाजूला. पण मायलेकींकडे एक गोष्ट होती, तिचं दोघींनाही फार कौतुक होतं. त्या मराठीत बोलायच्या. सतीशकुमार आपल्यातलाच खरा, पण कोइंबतूरला वाढलेला. मुलगी बघायला आला तेव्हाच हात जोडून तमिळमध्ये म्हणाला होता, "मला मराठी नाही कळत, अत्तै, माफ करा." किती विनयानं म्हणाला होता! सगळी हसली होती.

तेव्हा हरिप्रियानं एक युक्ती काढली होती. आवाज हसरा ठेवायचा, रसमची कृती विचारावी तसा, आणि त्या आवाजात हवं ते सांगायचं. नवऱ्याला सूर तेवढा कळणार, बोलणं नाही. त्या हसऱ्या सुरात तिनं एकेक गोष्ट सांगितली होती. तो बाहेरून कुलूप लावून जातो. मागच्या महिन्यात मोरीत पडून लागलं असं सांगितलं होतं, पण ती पडली नव्हती. पासपोर्ट त्यानं काढून घेतला आहे. आणि सोमवारी ती खळखळून हसत म्हणाली होती, "आई, तू ये. ह्याला सांगू नको. मला हेच्यापुढं इथं ऱ्हावत नाही. मला भ्याव वाटतं, ग."

चंद्रमतीनंही हसत सांगितलं होतं, "बेस्तवारी निघतें. विमानातून उतरिटल्यावरच फोन करतें. भिऊ नको." फोन ठेवल्यावर ती बराच वेळ स्वयंपाकघरात गॅस न पेटवता उभी होती.

आणि मंगळवारी सकाळी व्हिसा रद्द झाला होता.

राजवाड्यामागच्या गल्लीत शिरेपर्यंत तिनं गुन्हेगार ठरवून टाकला होता. हनुमंतराव वीज मंडळातून निवृत्त झालेला, नाकासमोर चालणारा माणूस. पण जावयाच्या बाबतीत त्याचं डोकं चालायचं नाही. जावई म्हणजे देव. दर रविवारी फोन करून प्रकृती विचारायची, सणाला आधी त्याला नमस्कार. न कळवता जावयाच्या दारात बायकोला जाऊ देईल का हा? छे.

तो कॉफी गाळत होता. तिनं चप्पलही काढली नाही.

"तुम्ही फोन केलात न त्याला?"

"कुणाला?"

"सोंग करू नका. मी येतें म्हणून जावयाला सांगिटलंत. एवढं पदर पसरून सांगिटलं होतं, सांगू नका म्हणून. तुमचा मानपान! पोरीच्या जिवापेक्षा तुमचा मानपान मोठा?"

हनुमंतरावाच्या हातातून गाळणी ओट्यावर पडली. "अग, काय झालं ते तर सांग."

तिनं सांगितलं. तो ऐकत खाली बसला, थेट फरशीवर. "मी नाही सांगिटलं," तो म्हणाला. "हरीचं ऐकल्यापासून रविवारचा फोनसुद्धा केला नाही मी. शरीर बरं नाही म्हणून टाळिटलं."

"फोन दाखवा."

लग्नाला इतकी वर्षं झाली, नवऱ्याचा फोन तिनं कधी मागितला नव्हता. त्यानं मुकाट्यानं दिला. तिनं चष्मा लावला आणि एकेक कॉल खाली सरकवत गेली, कचेरीत नोंदी बघायची तशी. दूधवाला, गॅसवाला, त्याचा भाऊ. सोमवारनंतर जावयाचा नंबर कुठंही नव्हता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण माफी मागायलाही जिवात त्राण हवं, ते नव्हतं.

"मग कुणी सांगिटलं?" ती म्हणाली. "हरीला ठावं, मला ठावं, तुम्हाला ठावं. सुब्रमण्यमला मी आज सांगिटलं. चौथं कोण होतं?"

"जावई होता की. तिथंच सोफ्यावर."

"त्याला कळत नाही."

"कळत नाही म्हणून कुणी सांगिटलं?"

"त्यानंच," चंद्रमती म्हणाली, आणि आपलेच शब्द तिच्या कानावर पडले.

अर्जदारानं स्वतःच लिहून दिलेलं, स्वतःच सही केलेलं. कचेरीत असा दाखला कुणी पुढं केला असता तर तिनं हसून परत फेकला असता. आणि तंजावरात जन्म काढलेल्या बाईला हे कळू नये? इथल्या घराघरातली पोरं अशीच. आईबाप मराठीत बोलतात, पोरं तमिळमध्ये उत्तरं देतात. बोलत नाहीत म्हणून कळत नाही असं कधी झालंय का? हरिप्रियासुद्धा शाळेत असताना दोन वर्षं घरात मराठीचा एक शब्द बोलली नव्हती, आणि कुजबुजलेलं सगळं ऐकायची. दुसऱ्या कुणाला नाही, ही चूक आपल्याच हातून कशी झाली, या विचारानं तिला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

मग एकेक आठवायला लागलं. मागं तिनं फोनवर म्हटलं होतं, पासपोर्ट त्याच्या कपाटात वरच्या फळीवर असेल, बघून ठेव. दुसऱ्या दिवशी त्यानं तो स्वतःच्या ऑफिसात नेऊन ठेवला होता. वरच्या मजल्यावरची मल्याळी बाई चांगली आहे, अडीनडीला तिचं दार ठोठाव, असं तिनं सांगितलं; त्याच आठवड्यात सतीशकुमारनं त्या बाईशी कसलंसं भांडण काढलं आणि जाणंयेणं तुटलं. दोन्ही वेळेला चंद्रमतीनं नशिबाला दोष दिला होता. म्हणजे तो तिथं टीव्हीकडे तोंड करून बसलेला, आणि मायलेकी त्याच्या देखत हसत हसत हरीच्या सुटकेचा एकेक दरवाजा त्याला दाखवत होत्या.

"अजून खात्री नाही," हनुमंतराव म्हणाला. "उगंच संशय..."

"खात्री करून येतें," ती म्हणाली.

सतीशकुमारची आत्या, वासुकी, पापनाशमला राहते एवढं ठाऊक होतं. लग्नात ती आली नव्हती. तिला बरं नसतं, असं सांगण्यात आलं होतं. चंद्रमतीनं पापनाशमची बस पकडली. बाहेर कालव्याला पाणी सुटलं होतं, लावणीची बायकामाणसं चिखलात वाकलेली होती, दरवेळी डोळे निववणारं सगळं तेच. पण आज तिनं खिडकीबाहेर बघितलं नाही. तिचा जीव टांगणीला लागला होता.

वासुकीचं घर तालुका कचेरीपासून हाकेच्या अंतरावर निघालं. चंद्रमती त्या रस्त्यानं इतकी वर्षं गेली-आली होती. आत्याबाई ठणठणीत होत्या. ओसरीवर घेवड्यासारख्या अवऱ्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. ओळख सांगताच त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि तिला बसायला जागा केली.

"एक विचारायला आलें," चंद्रमती म्हणाली. "सतीशला मराठी कळतं काय?"

"कळतं काय? अहो, तुमच्या-माझ्याहून चांगलं येतं. आठवीपर्यंत ह्याच घरांत वाढिटला तो. मीच भात भरवायची, मराठीत काऊ-चिऊ सांगून. कोइंबतूरला गेले ते मागून." त्यांनी एक शेंग उचलली, सोलली नाही. "पोर मोठं गुणाचं, लोकं म्हणायची. आवाज नाही, दंगा नाही. आम्ही बायका स्वैपाकघरांत काय काय बोलायचों, हा दाराआड बसून ऐकायचा. तोंडातून अवाक्षर नाही. सांजेला बाप आला की सगळं सांगायचा, शब्द न शब्द. मग वहिनीला मार बसायचा."

"वहिनी म्हणजे?"

"त्याची आई."

"लहान होता तेव्हा," असं काहीतरी चंद्रमती पुटपुटली.

"लहान होता, खरं. मार बसायचा तेव्हा दारात उभं राहून बघायचा. हसायचा नाही, रडायचा नाही. नुसता बघायचा." वासुकीनं पदरानं तोंड पुसलं. "मला लग्नाला बोलाविटलं नाही, कारण मी सांगिटलं असतं. तुम्ही त्या समोरच्या कचेरींतच होतां न? साऱ्या तालुक्याची चौकशी करायचां, म्हणतात. मला विचारायला कुणी आलं नाही."

चंद्रमतीनं पिशवी उचलली. ती उठली. वासुकी दारापर्यंत आल्या, तिचा हात धरला आणि एकच म्हणाल्या, "लवकर जा, बाई. तो रागावला की लगेच काही करत नाही. आधी शांत होतो."

परतीच्या बसमधून ती घरी न जाता थेट सुब्रमण्यमकडे गेली आणि या खेपेला तिनं सगळं सांगितलं. सांगताना तिला लाज वाटली नाही. लाजेचे दिवस सरले होते. सुब्रमण्यमची घाई कुठल्या कुठं गेली. त्यानं दुकानातल्या दोघांना बाहेर पाठवलं आणि दार लोटून घेतलं.

"जावयाच्या नावावर आता काही नको," तो म्हणाला. "एजन्सीमार्फत पर्यटक व्हिसा काढू. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग दाखवावं लागेल. शनिवारी-रविवारी काम बंद असतं. सोमवार उजाडेल, कदाचित मंगळवार."

"त्याच्या आधी नाही होत?"

"नाही, अम्मा. आणि मुलीचा पासपोर्ट त्याच्याकडे असला तरी आपल्या वकिलातीतून घरी परतण्यापुरता कागद मिळतो. पण त्यासाठी ती घराबाहेर पडायला हवी. शिवाय आठवा लागला की विमानवाले डॉक्टरची चिठ्ठी मागतात, आणि पुढं चिठ्ठी असली तरी घेत नाहीत." तो थांबला. "एक गोष्ट सांभाळा. नवा व्हिसा काढताय हे त्याला कळता कामा नये. कळलं तर तो तिला तिथून हलवेल, आणि मग तुम्ही उतरून कुणाच्या दाराला जाणार?"

त्याला कळता कामा नये. म्हणजे हरीलाही कळता कामा नये. हरीला सांगायचा एकच रस्ता होता आणि त्या रस्त्यावर तो बसलेला होता. मराठी गेली, तमिळ होतीच त्याची, इंग्रजी त्याची मायलेकींहून चांगली. पोरीशी बोलायला आता जगात एकही भाषा उरली नव्हती. घरी येताना हे तिच्या नीट ध्यानात आलं, आणि राजवाड्याच्या भिंतीशी उभी राहून ती रडली. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बघितलं तर बघू देत.

फोन संध्याकाळी आला, दिवे लागले तेव्हा. हनुमंतराव शेजारी येऊन बसला. काय करायचं ते दोघांनी ठरवलं होतं, आणि ठरवताना एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं टाळलं होतं.

"आई!" हरिप्रियाचा आवाज हसरा, लाडिक. मागं टीव्हीवर कसल्याशा सामन्याचा गलका. "तयारी झाली न? उद्या येतीस न? मी कपड्यांची पिशवी भरून ठेविटलीय, कपाटाच्या मागं..."

चंद्रमतीला ओरडून तिला थांबवावंसं वाटलं. बोलू नको, पोरी, बोलू नको. पण तेही बोलता येत नव्हतं.

"बाळाच्या कपड्यांची न?" ती घाईनं हसत म्हणाली. "राहूं दे तिथंच. काय घाई हाय?" आणि ती पुढचं कापायला निघाली, कारण थांबली असती तर लेक आणखी काही बोलली असती. "ऐक, हरी. मी येत नाही."

टीव्हीचा गलका वाढला, कमी झाला.

"म्हणजे?" हरिप्रियाच्या आवाजात हसू तसंच होतं. तिला ते तसंच ठेवावं लागत होतं. "उद्या नाही? परवा येतीस?"

"परवाही नाही. माझे गुडघे धरिटलेत, ग. मला एवढा प्रवास झेपायचा नाही. आणि खरं सांगायचं तर, आम्ही मधे पडायचं कारण काय? नवरा-बायकोत चालायचंच. सगळ्यांच्या घरी चालतं. तू थोडं सोसून घे."

आयुष्यात तिनं पुष्कळ वाईट दाखले बघितले होते, पण असला खोटा कागद तिच्या हातून कधी गेला नव्हता. आणि यावर सही तिचीच होती.

"आई," हरिप्रिया हसत म्हणाली, आणि त्या हसण्यात काहीतरी तुटलं, ते चंद्रमतीला इतक्या लांबून ऐकू आलं. "आई, तुला मी काय सांगिटलं ते ध्यानांत हाय न? सगळं सांगिटलं न मी तुला?"

"हाय. पण एवढं काही नसतं, हरी. पहिलटकरणीला भ्याव वाटतंच."

हरिप्रिया म्हणाली, "अप्पांना दे."

हनुमंतरावानं फोन घेतला. त्यानं आयुष्यात कुणाशी खोटं बोललेलं चंद्रमतीला आठवत नव्हतं. म्हणून तर सकाळी तिला खात्री होती की जावयापासून लपवणं याला जमलं नसणार, यानंच सांगितलं असणार. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि त्यानं आवाज मात्र कोरडा ठेवला.

"आई बोलते ते बरोबर हाय, बाळ," तो म्हणाला. "जावयांचं ऐकून ऱ्हा."

मग हरिप्रिया बोलली, आणि या खेपेला हसरेपणा नव्हता, रागही नव्हता. ती तमिळमध्ये बोलली, बँकेतल्या माणसाशी बोलावं तशी.

"ठीक आहे, अप्पा. ठेवते."

फोन बंद झाला. हनुमंतराव तो कानाला धरून तसाच बसून राहिला. चंद्रमतीनं तो त्याच्या हातातून सोडवून घेतला आणि टेबलावर ठेवला. खाली गल्लीत कुणी मोपेड चालू करत होतं, ती दोनतीनदा खोकली आणि निघून गेली.

थोड्या वेळानं फोनवर निरोप वाजला. सतीशकुमारचा, तमिळमध्ये. चंद्रमतीनं चष्मा लावून वाचला, पुन्हा वाचला, आणि नवऱ्यापुढं धरला.

अत्तै, तुम्ही फार शहाणपणाचा विचार केलात. एवढी दगदग कशाला? गुडघ्यांना जपा. इकडची काळजी सोडा, हरिप्रियाकडे मी बघतो.

हनुमंतरावानं ते वाचलं. गुडघ्यांपाशी त्याची नजर थांबली; गुडघ्यांचं तिनं मराठीतच सांगितलं होतं. मग त्यानं वर बघितलं, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर आशेसारखं काहीतरी आलं.

"फसला," तो कुजबुजला. "चंद्रा, त्याला खरं वाटलं. तो फसला."

"तीही फसली," चंद्रमती म्हणाली.